ऋणमुक्तीचे रंग

पेस्टल हे मूलतः कोरडे माध्यम. शुद्ध रंगाची भुकटी, तीत थोडी पांढरी खडूची माती आणि कांडी हातात धरता यावी एवढ्यापुरता ट्रागाकांथ नावाचा वनस्पतिजन्य डिंक, एवढीच तिची घडण. कांडी कागदावर ओढली की ही भुकटी कागदाच्या खरखरीत पृष्ठावर नुसती टेकून राहते. तैलरंगाप्रमाणे तिचा पापुद्रा बनत नाही, की जलरंगाप्रमाणे ती कागदात मुरत नाही. फुंकरीने ती उडते, बोट लागले की पुसली जाते. अशा चित्रावर पाणी घालणे म्हणजे शाईने लिहिलेल्या रोजमेळावर तांब्या लवंडण्यासारखेच कोणालाही वाटेल.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील एका चित्रकाराने पेस्टलवर पाणी घातले, वाफ सोडली, त्याच्या जोडीला छपाईची शाई, गुआश, सरसाचा रंग आणि टर्पेंटाइन आणले, आणि त्या मिश्रणातून पाश्चात्त्य चित्रकलेतील काही अविस्मरणीय कागद निर्माण केले. त्या चित्रकाराचे नाव एदगार देगा. त्याने हे प्रयोग का केले, या प्रश्नाचे अर्धे उत्तर कलेच्या इतिहासात मिळते आणि उरलेले अर्धे एका बुडालेल्या पेढीच्या खातेवहीत. म्हणूनच व्यापारी घराण्यांतील वाचकांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

पेढीतला मुलगा

देगाचा जन्म १९ जुलै १८३४ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे आजोबा इलेर यांनी इटलीतील नेपल्स शहरी बँकेची पेढी स्थापन केली होती आणि वडील ओग्यूस्त हे त्या पेढीचा पॅरिसचा कारभार पाहत. आई सेलेस्तीन ही अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या म्यूसों घराण्यातील. मुलाने कायदा शिकावा अशी घरची अपेक्षा होती. त्यानुसार १८५३ साली त्याचे नाव विधी शाखेत घातले गेलेही. परंतु त्याचा ओढा रेखाटनाकडे होता. अखेर वडिलांनी ते मान्य केले. पुढील वीस वर्षे देगाने पोटाची चिंता न करता जुन्या इटालियन आचार्यांच्या चित्रांच्या नकला केल्या, रेखाटनाचा हात बसवला आणि आपल्या मर्जीने काम केले. चित्र विकले गेले तर आनंद, न गेले तर घरची पेढी होतीच.

१८७२ च्या शरद ऋतूत तो न्यू ऑर्लिन्सला आजोळी गेला. त्याचे धाकटे भाऊ रने आणि आशिल तेथे मद्याच्या आयातीचा व्यवसाय करीत होते; मामा मिशेल म्यूसों हे कापसाचे आडत्ये होते. त्या भेटीत देगाने मामांच्या पेढीचे एक तैलचित्र रंगवले. पुढच्या बाजूस उंच टोपी घातलेले मामा चिमटीत कापूस धरून त्याचा तंतू तपासत आहेत, रने वर्तमानपत्र वाचत आहे, आशिल खिडकीला रेलून उभा आहे, आणि उजवीकडे रोखपाल जाडजूड वह्यांवर वाकलेला आहे. मध्ये टेबलावर पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग पसरलेला आहे. आडतीच्या दुकानात ज्याचे बालपण गेले आहे, त्याला हे चित्र पाहताना दुकानाचा वासही आठवेल.

या कापसाचा मुंबईशी एक जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाणे बंद पडले, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्याच तेजीत गाजले आणि युद्ध संपताच आलेल्या १८६५ च्या मंदीत मुंबईच्या अनेक पेढ्या कोसळल्या. पलीकडे न्यू ऑर्लिन्सलाही युद्धापूर्वीचे दिवस परत आले नाहीत. देगाच्या मामांची पेढी १८७३ च्या फेब्रुवारीत मोडली. म्हणजे चित्रातील रंग वाळत होते त्याच सुमारास चित्रातील व्यवहार आटोपत होता. हे चित्र मँचेस्टरचा एखादा गिरणीमालक घेईल, अशी देगाची आशा होती. ती फळली नाही. पुढे १८७८ साली फ्रान्समधील पो शहराच्या संग्रहालयाने ते दोन हजार फ्रँकना विकत घेतले.

देणे कोणाचे, फेडणार कोण

१८७४ च्या फेब्रुवारीत वडिलांचे नेपल्स येथे निधन झाले आणि पेढीच्या वह्या उघडल्या गेल्या. बाहेरून भक्कम दिसणारी पेढी आतून पोखरलेली होती. त्यातच रनेने व्यवसायासाठी उचललेल्या मोठ्या रकमांचा बोजा उघड झाला. देगाने स्वतः एका फ्रँकचाही व्यापार केला नव्हता. परंतु देणेकऱ्यांच्या यादीवर त्याचे आडनाव होते, आणि घराण्याची पत राखण्यासाठी त्याने वारशाने आलेले घर विकले, चित्रसंग्रह विकला आणि वयाच्या चाळिशीत प्रथमच स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगण्यास आरंभ केला. मेव्हण्यासह हप्त्याहप्त्याने देणे फेडण्याचा हा काळ काही वर्षे चालला.

येथून त्याच्या कामाचे अर्थशास्त्र बदलले. तैलचित्राचे थर वाळण्यास आठवडे लागतात, कॅनव्हास आणि चौकट महाग पडते, आणि मनासारखे होईपर्यंत चित्र हातावेगळे न करण्याची देगाची खोड तर प्रसिद्धच होती. उलट कागदावरचे पेस्टल त्याच दिवशी पुरे होऊ शकते, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, आकार लहान असल्याने किंमत मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात राहते. ज्याला दरमहा देणे चुकवायचे आहे, त्याला भांडवल अडकून राहणे परवडत नाही. माल फिरता ठेवावा लागतो. १८७४ नंतर देगाच्या कामात पेस्टलचे प्रमाण झपाट्याने वाढले, त्यामागे हा हिशेब होता. त्याला आणखी एका कारणाची जोड मिळाली. त्याची दृष्टी १८७० च्या सुमारासच अधू होऊ लागली होती, आणि ब्रशच्या टोकापेक्षा बोटांत धरलेली रंगाची कांडी अशा माणसाला अधिक वश होते.

दुसरा ठसा

पेस्टलची आणि अन्य माध्यमांची जोडी देगाने प्रथम जमवली ती मोनोटाइपमध्ये. धातूच्या गुळगुळीत पत्र्यावर छपाईची शाई पसरायची, ती चिंधीने पुसून, ब्रशने ओढून, बोटांनी दाबून चित्र काढायचे आणि पत्रा ओल्या कागदासह दाबयंत्रातून काढायचा. ल्यूदोविक लपिक या मित्राकडून त्याने ही रीत घेतली. पत्र्यावर काही कोरलेले नसल्यामुळे चांगला ठसा एकच निघतो. दुसरा काढलाच तर तो इतका फिकट येतो की एरवी तो रद्दीतच जायचा.

देगाने तो दुसरा ठसा ठेवून घेतला. त्या फिकट राखाडी छायेत प्रकाश आणि अंधार यांची वाटणी आधीच झालेली असे. तीवर पेस्टलने रंग चढवला की चित्राला खोली आपोआप मिळे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील, १८७६ च्या सुमाराचे ‘तारका’ हे चित्र याच रीतीचे. रंगमंचाच्या खालून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात एक नर्तिका एकटी तरंगत आहे; मागे पडद्याआड काळ्या पोशाखातील एक गृहस्थ उभा आहे, त्याचे मुख दिसत नाही. नर्तिकेच्या झग्याची चमक पेस्टलची आहे, आणि तिच्यामागील गूढ सावली खालच्या शाईची. टाकाऊ ठरलेल्या कागदाने येथे चित्राचा पाया घातला.

पाणी, वाफ आणि सरस

यानंतरची पायरी पाण्याची. देगाच्या तंत्राचा अभ्यास द्नी रुआर यांनी १९४५ साली प्रसिद्ध केला. देगाच्या जुन्या मित्राचा हा नातू. त्याच्या सांगण्याप्रमाणे देगा पेस्टलने काम केलेल्या कागदावर उकळत्या पाण्याची वाफ सोडी. वाफेने भुकटी भिजून तिची लाही होई, आणि मग ती कडक ब्रशने ओढता येई. जेथे थर पातळ असे तेथे तीच भुकटी जलरंगासारखी पसरे. ज्या भागाची कोरडी मखमल टिकवायची, तेथे वाफ लागणार नाही याची तो काळजी घेई. कधी तो पेस्टलची भुकटी पाण्यात कालवून थेट ब्रशनेच लावी. परिणामी एकाच रंगाच्या एकाच कांडीतून तीन निरनिराळे पोत मिळत: कोरडी रेघ, ओला लेप आणि पाणीदार छटा.

पेस्टलखाली किंवा पेस्टलशेजारी तो गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंग वापरी, तसाच सरसात कालवलेला रंगही वापरी. या सरसमिश्रित रंगाचे नाव डिस्टेंपर. आपल्याकडे भिंतीच्या रंगाच्या डब्यावर आढळणारे नाव ते हेच. १८७९ साली काढलेले लेखक एदमों द्युरांती यांचे व्यक्तिचित्र या संयोगाचा उत्तम नमुना आहे. आज ते ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे. पुस्तकांच्या गराड्यात डोक्याला बोटे लावून बसलेला हा लेखक, पाण्याच्या रंगाच्या सपाट पार्श्वभूमीवर पेस्टलच्या तुटक रेषांनी जिवंत केला आहे. तैलरंगही देगाने सोडला नाही, पण त्याचे तेल काढून घेतले. टीपकागदावर रंग ठेवून तेल शोषू द्यायचे, मग उरलेला रंग टर्पेंटाइनने पातळ करायचा. तो लवकर वाळतो, चकाकत नाही आणि कागदावर पेस्टलच्या शेजारी परका वाटत नाही.

उत्तरायुष्यात त्याने पेस्टलचे थरावर थर चढवले. त्यासाठी प्रत्येक थर पक्का करणे आवश्यक होते. लुईजी कियालीवा या इटालियन चित्रकार मित्राने त्याला स्थिरीकरणाचे खास द्रावण करून दिले होते. एक थर, त्यावर द्रावणाचा फवारा, पुन्हा दुसऱ्या रंगाच्या रेषा, असे करीत तो खालचा रंग वरच्या रेषांच्या फटींतून झळकत ठेवी. नारिंगीच्या फटीतून हिरवा, निळ्याखालून गुलाबी. रंग पॅलेटवर न मिसळता पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळत. चित्र वाढले आणि कागद अपुरा पडला, तर तो कडेला कागदाची पट्टी चिकटवून पुढे काम करी. त्याच्या कित्येक चित्रांत हे जोड आजही स्पष्ट दिसतात.

किमतीचा हिशेब

या मिश्रणाला बाजारात मोल आले काय? १८७० च्या दशकात लुइझीन एल्डर या तरुण अमेरिकन मुलीने चित्रकार मेरी कॅसॅट हिच्या सल्ल्यावरून देगाचे नृत्याच्या तालमीचे एक चित्र पाचशे फ्रँकना घेतले. तेही मोनोटाइपवर गुआश आणि पेस्टल यांनी केलेले होते. आज ते अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहे. देण्याच्या ओझ्याखालील चित्रकाराला त्या पाचशे फ्रँकांचे महत्त्व त्या रकमेहून मोठे होते. हीच मुलगी पुढे श्रीमती हॅवमायर म्हणून देगाची मोठी संग्राहक झाली.

१९१२ साली पॅरिसमधील एका लिलावात देगाचे १८७७ चे मिश्र माध्यमातील ‘दांड्याशी नर्तिका’ हे चित्र ४ लाख ३५ हजार फ्रँकना गेले, आणि घेणारी तीच बाई होती. जिवंत चित्रकाराच्या चित्राला इतकी किंमत येणे ही त्या काळी खळबळजनक घटना ठरली. परंतु त्या रकमेतील एक फ्रँकही देगाच्या हाती आला नाही, कारण चित्र त्याने केव्हाच दिलेले होते. पुनर्विक्रीत कलावंतालाही काही वाटा मिळावा असा कायदा फ्रान्सने केला तो १९२० साली, देगाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

घरातील कागदावर

देगाची ही रीत घरच्या टेबलावरही करून पाहता येते. मात्र काही गोष्टी आधी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, डब्यात काय आहे ते पाहावे. शाळकरी मुलांसाठी दुकानांत सर्रास मिळतात ते ऑइल पेस्टल. त्यांत मेण आणि तेल असते, ते पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचा उपयोग उलट्या रीतीने होतो. ऑइल पेस्टलने रेषा काढून वरून जलरंगाचा हात फिरवला की रंग रेषेवरून ओघळून बाजूला सरतो आणि रेषा उजळ उरते. देगाच्या रीतीसाठी लागतात ते सॉफ्ट पेस्टल, म्हणजे बोटाला भुकटी लागणाऱ्या कांड्या.

दुसरी गोष्ट, कागद जाड हवा. जलरंगासाठीचा ३०० जीएसएमचा किंचित खरखरीत कागद घेऊन तो चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टीने फळीवर बसवावा. पातळ कागद पाण्याने फुगतो, आणि त्याच्या सुरकुत्यांत भुकटी साचते.

तिसरी गोष्ट क्रमाची. सर्वांत सोपा क्रम म्हणजे आधी जलरंगाचा किंवा गुआशचा पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर वरून पेस्टल. दुसरा क्रम म्हणजे आधी पेस्टल, मग ओल्या ब्रशने तेच रंग ओढणे, आणि वाळल्यावर पुन्हा कोरड्या रेषा. ओल्या कागदावर कांडी चालवली तर ती भिजून घट्ट होते आणि कागदाचा पृष्ठभाग खरवडला जातो. ब्रश फिकट रंगाकडून गडद रंगाकडे न्यावा आणि वारंवार धुवावा. एकाच जागी तो पुनःपुन्हा फिरवल्यास सर्व रंगांचा चिखल होतो. ओला असताना रंग गडद भासतो, वाळल्यावर उजळतो. म्हणून निर्णय वाळल्यावरच घ्यावा. वाफेचा प्रयोग लहान मुलांनी करू नये. बारीक फवाऱ्याच्या बाटलीने दूरून पाणी शिंपडले तरी तसाच परिणाम साधतो.

चौथी गोष्ट आरोग्याची. भुकटी फुंकरीने कधीही उडवू नये. फळी उभी धरून हलकेच टिचकी मारावी आणि खाली पडलेली भुकटी ओल्या फडक्याने पुसावी. काही रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर हे काम करू नये आणि काम संपताच हात धुवावेत.

साहित्याच्या उगमाचाही विचार ज्या घरांत होतो, त्यांनी दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. जलरंगाच्या काही उंची कागदांना प्राणिज जिलेटिनचा लेप दिलेला असतो, आणि पारंपरिक ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. देगाच्या डिस्टेंपरमधील सरसही प्राणिजच असे. आज कृत्रिम तंतूंचे ब्रश आणि जिलेटिनविरहित कागद सहज मिळतात, आणि गुआशमध्ये बहुधा बाभूळवर्गीय झाडाचा डिंक असतो.

शेवटची गोष्ट जतनाची. चित्र काचेखाली बसवावे, पण काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट असावी. काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा घेतल्यास त्यावरील स्थिर विद्युत भुकटी ओढून घेते. आपल्याकडील पावसाळ्यात ओलसर भिंतीवर टांगलेल्या अशा चित्राला बुरशी लवकर धरते. म्हणून ते आतल्या कोरड्या भिंतीवर, थेट ऊन पडणार नाही असे लावावे.

खात्यातील शिल्लक

देगाकडे आदर्श पुरुष म्हणून पाहण्याची घाई कोणी करू नये. वृद्धापकाळी तो एकाकी व तुसडा झाला. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर खोटा ठपका आला, तेव्हा त्या अन्यायाच्या बाजूने उभे राहून त्याने आलेव्ही कुटुंबासारखे जन्माचे स्नेही तोडले. पैशाचे देणे चोख चुकवणारा मनुष्य माणुसकीच्या देण्यात कमी पडू शकतो, हेही त्याच्याच चरित्रात नोंदलेले आहे.

परंतु १८७४ सालच्या त्या प्रसंगी त्याने केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. कर्ज दुसऱ्याने काढलेले होते, व्यवहार दुसऱ्याचा होता. त्याच्या नावावर होते ते केवळ आडनाव. त्या आडनावाला कायद्याच्या भाषेत फारशी किंमत नसेल, पेढीच्या भाषेत मात्र तीच पत. ती राखण्यासाठी त्याने आपल्याजवळची एकच गोष्ट बाजारात मांडली, ती म्हणजे वीस वर्षे घासलेला हात. तो हात आधी तयार नसता, तर गरजेने त्याला केवळ गरीब केले असते. पोटाची ददात नसताना, तातडीचा लाभ न मागता वडिलांनी त्याला जी वीस वर्षे दिली, ती त्या पेढीची सर्वांत खरी गुंतवणूक ठरली, आणि पेढी बुडाल्यावर तिचे व्याज मिळाले. आपल्या घरातील एखादे मूल दुकानाच्या वेळात कागदावर रेघोट्या ओढताना दिसले, तर मोठ्यांनी हा हिशेब एकदा आठवून पाहावा.

नेपल्सच्या त्या पेढीचे देणे-घेणे केव्हाच निकाली निघाले; तिचे नावही आता देगाच्या चरित्रापुरतेच उरले आहे. त्या फिकट ठशांवर पाण्याने आणि भुकटीने केलेले कागद मात्र संग्रहालयांत मंद उजेडात, काही महिनेच बाहेर काढून, पुन्हा अंधारात विसावा देऊन जपले जातात.